नांतची सनद

जुन्या दप्तरांतील सनदा ज्यांनीं चाळल्या आहेत त्यांना 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें' हे शब्द परिचयाचे आहेत. तसेंच, पुत्रपौत्रादि चालावीं म्हणून दिलेलीं इनामें पुढच्याच राजवटींत जप्त झाल्याचे दाखलेहि त्याच दप्तरांत सांपडतात, हेंहि त्यांना ठाऊक आहे. युरोपच्या इतिहासांत अशीच एक सनद होऊन गेली. मात्र तिनें दिलेली वस्तु जमीन किंवा गांव नव्हती. आपापल्या श्रद्धेप्रमाणें ईश्वराची उपासना करण्याची मोकळीक ही ती वस्तु होय. १५९८ सालीं फ्रान्सचा राजा चौथा हेन्री यानें नांत या शहरीं ही सनद दिली आणि ती शाश्वत व अपरिवर्तनीय आहे असें तींत लिहिलें. सत्त्याऐंशी वर्षांनीं त्याचाच नातू चौदावा लुई यानें ती रद्द केली. या दोन तारखांमध्यें जें घडलें, आणि त्यानंतर जें घडलें, त्यांत धर्म, राजकारण आणि अर्थकारण यांचे धागे एकमेकांत इतके गुंतलेले आहेत कीं, त्यांपैकीं एकच ओढून काढतां येत नाहीं.

सोळाव्या शतकाच्या आरंभीं पश्चिम युरोपांतील बहुतेक सर्व ख्रिस्ती लोक रोमच्या पोपचा अधिकार मानीत असत. १५१७ सालीं जर्मनींत मार्टिन ल्यूथरनें त्या अधिकाराला आव्हान दिलें. पुढें वीस वर्षांच्या आंत, १५३६ मध्यें, नॉयों येथें जन्मलेल्या जॉन कॅल्व्हिन या फ्रेंच पंडितानें ख्रिस्ती धर्मतत्त्वांवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. मायदेशीं राहणें अशक्य झाल्यामुळें तो जिनीव्हास जाऊन राहिला, आणि तेथून धर्मोपदेशक व छापील पुस्तकें चोरवाटांनीं फ्रान्समध्यें येऊं लागलीं. त्याचा पंथ स्वीकारणाऱ्या फ्रेंच लोकांना ह्यूगेनॉट असें नांव पडलें. शतकाच्या मध्यानंतर त्यांची संख्या लोकसंख्येच्या सुमारें एकदशांश होती. परंतु या दहांतल्या एकाचें वजन मोठें होतें. मुद्रक, विणकर, सोनार, वकील आणि बंदरांतील व्यापारी हे नव्या पंथाकडे विशेष ओढले गेले, आणि त्यांच्या जोडीला कित्येक बडीं सरदार घराणींहि आलीं.

सरदार आले तेव्हां धर्माच्या वादांत तलवार आली. १५५९ सालीं दुसरा हेन्री राजा द्वंद्वक्रीडेंत जखमी होऊन मरण पावला, आणि सिंहासनावर एकामागून एक त्याचे अल्पवयी व दुर्बळ पुत्र आले. राजसत्ता ढिली पडतांच कॅथॉलिकांच्या बाजूनें गीझ घराणें आणि ह्यूगेनॉटांच्या बाजूनें बूर्बों घराणें अशी चुरस सुरू झाली. १५६२ च्या मार्चमध्यें वासी या गांवीं उपासनेस जमलेल्या ह्यूगेनॉटांवर गीझच्या ड्यूकच्या शिपायांनीं हल्ला केला, आणि तेथून छत्तीस वर्षें चालणाऱ्या यादवीला तोंड लागलें. त्या काळांत आठ युद्धें झालीं. सर्वांत काळी आठवण १५७२ सालची आहे. ऑगस्ट महिन्यांत नव्हारचा ह्यूगेनॉट राजा हेन्री याचें राजभगिनीशीं लग्न लागलें, आणि त्या निमित्तानें त्या पंथाचे पुढारी पॅरिसमध्यें पाहुणे म्हणून जमले. लग्नाला आठवडा उलटला नाहीं तोंच, २४ ऑगस्टच्या पहांटे, त्यांची कत्तल सुरू झाली. वृद्ध सेनानी कोलिन्यी आपल्या बिऱ्हाडांतच मारला गेला. पॅरिसमागून इतर शहरेंहि पेटलीं आणि हजारों माणसें प्राणांस मुकलीं. नवरदेव हेन्री धर्मांतर करून वांचला, आणि पुढें निसटून पुन्हां आपल्या पंथास मिळाला.

दैवगति अशी कीं, १५८९ सालीं तिसऱ्या हेन्रीचा खून झाला तेव्हां वारसाहक्कानें राज्य याच नव्हारच्या हेन्रीकडे आलें. पॅरिसनें त्याला दरवाजे उघडले नाहींत. चार वर्षें लढल्यावर त्यानें ओळखलें कीं, कॅथॉलिक प्रजेवर ह्यूगेनॉट राजाला सुखानें राज्य करतां येणार नाहीं. १५९३ च्या जुलैमध्यें सां-दनी येथील मठांत त्यानें कॅथॉलिक धर्म स्वीकारला आणि पुढच्या वर्षीं राजधानींत प्रवेश केला. आतां प्रश्न उरला तो जुन्या सोबत्यांचा. ज्यांनीं त्याच्यासाठीं रक्त सांडलें त्यांना वाऱ्यावर सोडणें हें कृतघ्नपणाचें झालें असतें, आणि त्यांच्या हातांत शस्त्रें असल्यामुळें तें धोक्याचेंहि झालें असतें. यांतून नांतची सनद जन्मास आली.

या सनदेनें काय दिलें? ह्यूगेनॉटांनीं राज्यांत कोठेंहि राहावें आणि श्रद्धेबद्दल कोणीं त्यांचा छळ करूं नये, हें पहिलें. ज्या ठिकाणीं त्यांची उपासना आधींपासून चालू होती तेथें, सरदारांच्या गढ्यांत, आणि प्रत्येक मोठ्या महालांत नेमून दिलेल्या गांवीं ती उघडपणें करावी, हें दुसरें. सरकारी नोकऱ्या, शाळा आणि रुग्णालयें त्यांना खुलीं झालीं, आणि त्यांच्या खटल्यांसाठीं दोन्ही पंथांचे न्यायाधीश असलेलीं विशेष न्यायासनें नेमण्यांत आलीं. याशिवाय संरक्षणासाठीं अनेक तटबंदीचीं शहरें आठ वर्षांच्या मुदतीनें त्यांच्या ताब्यांत राहिलीं, आणि त्यांतील शिबंदीचा खर्च राजानें सोसला. उलट बाजूला पॅरिसमध्यें व त्याच्या भोंवतालच्या पांच कोसांच्या टापूंत त्यांची उपासना बंद राहिली, आणि कॅथॉलिक चर्चचा दशमांश कर त्यांनाहि चुकला नाहीं. त्या काळच्या युरोपांत राजाचा जो धर्म तोच प्रजेचा असा दंडक होता. एका राज्यांत दोन पंथ कायद्यानें नांदावेत ही कल्पनाच पुष्कळांना विपरीत वाटे. पॅरिसच्या उच्च न्यायसभेनें सनद नोंदून घेण्यास जवळ जवळ वर्षभर टाळाटाळ केली. अखेर राजानें सभासदांना बोलावून खडसावलें तेव्हां १५९९ च्या फेब्रुवारींत ती नोंदली गेली.

शांततेचीं फळें लवकरच दिसूं लागलीं. हेन्रीचा अर्थमंत्री स्यूली हा अखेरपर्यंत ह्यूगेनॉट राहिला. त्यानें कर्जानें वांकलेला खजिना सांवरला आणि रस्ते व पूल बांधले. ऑलिव्हिए द सेर या ह्यूगेनॉट जमीनदारानें १६०० सालीं शेतीवर थोर ग्रंथ लिहिला, आणि त्याच्याच प्रेरणेनें तुतीची लागवड वाढून रेशमाच्या धंद्याला बळ आलें. परंतु १६१० च्या मे महिन्यांत राव्हायाक नांवाच्या एका धर्मवेड्यानें भर रस्त्यांत हेन्रीला भोंसकून ठार केलें.

आतां त्या सनदेंतील मूळ दुबळेपणा उघडा पडूं लागला. ती टिकली होती तीन आधारांवर : राजाचा शब्द, ह्यूगेनॉटांचीं शस्त्रें आणि यादवीला विटलेलें लोकमत. पहिला आधार हेन्रीबरोबर गेला. दुसरा रिशल्यू या मुत्सद्यानें काढून घेतला. राज्यांत दुसरें राज्य नको हें त्याचें धोरण होतें, आणि राजकारणाच्या दृष्टीनें तें समजण्यासारखें आहे. १६२७ सालीं त्यानें ला रोशेल या ह्यूगेनॉटांच्या बलाढ्य बंदरास वेढा घातला आणि इंग्रजांची मदत पोहोंचूं नये म्हणून समुद्रांत लांबलचक बांध घातला. चौदा महिन्यांनीं शहर शरण आलें तेव्हां सुमारें सत्तावीस हजार वस्तीपैकीं पांच-सहा हजार माणसें उरलीं होतीं. १६२९ च्या आलेसच्या तहानें ह्यूगेनॉटांचे किल्ले गेले, पण उपासनेची मोकळीक राहिली. या तहाला इतिहासांत 'आलेसची कृपा' असेंच नांव आहे. जो करार होता त्याची कृपा झाली. कराराला दुसरा पक्ष असतो आणि तो जाब विचारूं शकतो. कृपेला असा कोणी विचारणारा नसतो.

तरी पुढें तीस-चाळीस वर्षें ह्यूगेनॉट राजनिष्ठेनें वागले आणि उद्योगधंद्यांत रमले. चौदावा लुई १६६१ पासून स्वतः कारभार पाहूं लागला. त्याचा मंत्री कोल्बेर याला फ्रान्समध्यें उत्तम कारखाने हवे होते आणि कारागिराचा धर्म तो फारसा विचारीत नसे. १६६५ सालीं त्यानें हॉलंडमधून व्हान रोबे नांवाच्या प्रॉटेस्टंट विणकर-व्यापाऱ्याला आब्बेव्हिल येथें आणलें आणि धर्मस्वातंत्र्याचें अभय देऊन उंची लोंकरी कापडाचा कारखाना काढविला. परंतु दरबारांत दुसरेंहि मत होतें. पोपशीं लुईचा अधिकारांवरून झगडा चालू होता, त्यामुळें आपण चर्चचे निष्ठावंत पुत्र आहोंत हें दाखविण्याची त्याला निकड होती. शिवाय एक राजा, एक कायदा, एक धर्म ही घोषणा त्याच्या अभिमानी स्वभावाला मानवणारी होती.

सनद एकदम फाडण्यांत आली नाहीं; आधीं ती आंतून पोखरली गेली. जें तींत स्पष्ट शब्दांनीं दिलेलें नाहीं तें नाकारलेलेंच आहे, असा तिचा अर्थ लावण्यांत आला. क्षुल्लक कारणांवरून प्रार्थनामंदिरें पाडलीं गेलीं. १६७६ मध्यें धर्मांतर करणाऱ्यांस पैसे देण्यासाठीं एक निधि उभारला गेला, आणि त्याचा चालक पेलिसों हा स्वतः पूर्वींचा ह्यूगेनॉट होता. १६७९ सालीं विशेष न्यायासनें मोडलीं. पुढच्या वर्षीं ह्यूगेनॉट सुइणींना धंद्याची बंदी झाली, आणि १६८१ मध्यें सात वर्षांच्या मुलालाहि धर्म बदलतां येईल, असें ठरलें. सात वर्षांच्या मुलाची संमति म्हणजे काय, हें प्रत्येक आईबापाला कळतें. त्याच वर्षीं प्वातू प्रांतांत घोडेस्वार सैनिकांच्या तुकड्या ह्यूगेनॉटांच्या घरीं उतरविण्याचा प्रकार सुरू झाला. घरधन्यानें त्यांना खाऊं घालावें, त्यांची नासधूस व मारहाण सोसावी, आणि धर्म सोडतांच मोकळें व्हावें. १६८५ च्या उन्हाळ्यांत ही रीत दक्षिणेंत पसरली. सैन्य येत आहे एवढी वार्ता ऐकून गांवेंच्या गांवें धर्म बदलूं लागलीं, आणि राजाकडे धर्मांतरितांच्या लांबलचक याद्या येऊं लागल्या.

त्या याद्यांवर राजानें विश्वास ठेवला, निदान तसें दाखविलें. १६८५ च्या ऑक्टोबरांत फोंतेनब्लो येथें त्यानें सनद रद्द करणाऱ्या आज्ञेवर सही केली. तिच्या प्रस्तावनेंतील युक्तिवाद विलक्षण आहे : ह्यूगेनॉटांपैकीं बहुतेकांनीं कॅथॉलिक धर्म स्वीकारला आहे, तेव्हां त्या सनदेची आतां गरजच उरली नाहीं! उरलेलीं प्रार्थनामंदिरें पाडावींत, उपासना बंद व्हावी, धर्मोपदेशकांनीं पंधरा दिवसांत देश सोडावा, नव्या अर्भकांना कॅथॉलिक बाप्तिस्मा द्यावा. मात्र सामान्य लोकांनीं देशाबाहेर जाऊं नये. गेले आणि सांपडले तर पुरुषांना जहाजांच्या वल्ह्यांवर कायमची सक्तमजुरी व स्त्रियांना तुरुंग, अशी शिक्षा होती. म्हणजे राहून आपला धर्म पाळण्याची सोय नव्हती आणि निघून जाण्याचीहि नव्हती. या आज्ञेचें दरबारांत, मठांत व साहित्यिकांत मोठें कौतुक झालें.

इतकें असूनहि लोक गेले. रात्रीं डोंगर ओलांडून, मालाच्या गाड्यांत दडून, रिकाम्या पिंपांत बसून जहाजांतून गेले. घर, शेत, माग आणि कित्येकदां लहान मुलेंहि मागें राहिलीं. सुमारें आठ लाख ह्यूगेनॉटांपैकीं दीड ते दोन लाख देशाबाहेर पडले असा इतिहासकारांचा अंदाज आहे. या लोकांबरोबरच निर्वासित या अर्थाचा 'रेफ्यूजी' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजींत रूढ झाला. फाळणीनंतर ज्या पिढ्यांनीं हा शब्द दररोज ऐकला त्यांना त्याचें हें मूळ ठाऊक असणें योग्यच होय.

शेजारच्या राजांनीं ही संधि ओळखली. ब्रांडेनबुर्गचा अधिपति फ्रेडरिक विल्यम यानें फोंतेनब्लोच्या आज्ञेनंतर थोड्याच दिवसांत पॉट्सडॅम येथून जाहीरनामा काढला. येणाऱ्यांस जमीन, घरासाठीं लांकूड व दगड, करांची माफी आणि आपल्या भाषेंत उपासना मिळेल असें त्यांत अभिवचन होतें. त्याचा मुलूख तीस वर्षांच्या युद्धानें ओसाड झाला होता. सुमारें वीस हजार लोक तेथें गेले. १७०० च्या सुमारास बर्लिनमध्यें पांचांतला एक माणूस फ्रेंच होता, आणि त्यांच्या मुलांसाठीं १६८९ मध्यें स्थापिलेली फ्रेंच शाळा त्या शहरांत आजहि चालू आहे. हॉलंडनें व इंग्लंडनें याहून मोठा लोंढा सामावून घेतला. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागांत रेशमाचे माग सुरू झाले. कांहीं थोडे लोक तर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केपमध्यें गेले आणि तेथें द्राक्षमळे लावले.

व्यक्तींचीं नांवें घेतलीं म्हणजे ही हानि अधिक ठसते. देनी पापां हा पदार्थवैज्ञानिक आधींच परदेशीं गेला होता. १६८५ नंतर त्याला मायदेशाचें दार बंद झालें. झांकण घट्ट लावून वाफेच्या दाबानें अन्न शिजविणारें भांडें त्यानें १६७९ सालीं लंडनच्या विद्वानांना दाखविलें होतें. आज घरोघरीं शिट्टी देणारा कुकर त्याचाच वंशज आहे. पुढें जर्मनींत असतांना, १६९० मध्यें, त्यानें वाफेनें दट्ट्या हालविण्याची युक्ति मांडली. गणितांत ज्याच्या नांवाचा सिद्धांत विद्यार्थी शिकतात तो डी मॉइव्हर तरुणपणीं लंडनला आला आणि शिकवण्या करून पोट भरीत राहिला. आणि महाराष्ट्राच्या इतिहासाच्या वाचकांना परिचित असलेला प्रवासी ताव्हेर्निए? सुरत, गोवळकोंडें आणि गोवें यांचें ज्यानें वर्णन लिहून ठेवलें, आणि गोवळकोंड्याच्या मुलुखांतील प्रसिद्ध निळा हिरा ज्यानें याच लुईला विकला, तोहि प्रॉटेस्टंटच होता. राजानें हिऱ्यांबद्दल त्याला सरदारकी दिली होती. आयुष्याच्या अखेरीस, ऐंशींच्या घरांत, त्यानें पुन्हां पूर्वेची वाट धरली आणि १६८९ सालीं मॉस्कोंत देह ठेवला.

फ्रान्सचें नुकसान किती झालें? राजाचा सर्वांत थोर दुर्गबांधणीकार व्होबां स्वतः कॅथॉलिक होता. त्यानें १६८९ मध्यें ह्यूगेनॉटांना परत बोलवावें असें सुचविणारें एक टिपण मंत्र्यास पाठविलें. त्यांत त्यानें हिशेबच मांडला : ऐंशी हजार ते एक लाख माणसें, तीन कोटि लिव्हर रोकड, आठ-नऊ हजार खलाशी, दहा-बारा हजार कसलेले शिपाई आणि पांच-सहाशें अधिकारी गेले, आणि ते शत्रूंच्या फौजांत व आरमारांत दाखल झाले. त्याच्या टिपणाचा उपयोग झाला नाहीं. पूर्वीं फ्रान्सचा मार्शल असलेला ह्यूगेनॉट शोंबर्ग १६९० सालीं आयर्लंडांतील बॉइनच्या लढाईंत लुईच्या शत्रूंच्या बाजूनें लढतांना पडला. आधुनिक अभ्यासकांनीं मात्र या हिशेबाला मुरड घातली आहे. वॉरेन स्कोव्हिल यानें १९६० सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, त्या काळांतील फ्रान्सच्या मंदीला दीर्घ युद्धें, करांचा बोजा आणि दुष्काळ हीं मोठीं कारणें होतीं. ह्यूगेनॉटांचें जाणें हें त्यांतील एक कारण होतें. ही दुरुस्ती मान्य केली पाहिजे. अन्यायाचें फळ लगेच दारिद्र्याच्या रूपानें मिळतेंच, असा इतिहासाचा नियम नाहीं. म्हणूनच तो अन्याय केवळ व्यापाराच्या तोट्यानें मोजूं नये.

त्याचें खरें मोजमाप मागें राहिलेल्यांच्या जीवनांत आहे. कॅथॉलिक धर्मोपदेशकासमोर न लागलेलें लग्न कायद्यानें लग्नच नव्हतें. त्या जोडप्याचीं मुलें अनौरस ठरत. सेव्हेनच्या डोंगरांत १७०२ पासून शेतकरी व विणकर यांनीं बंड केलें, आणि तें मोडण्यास राजाला एक मार्शल बदलून दुसरा पाठवावा लागला. मारी द्युरां नांवाची एक तरुणी, तिचा भाऊ धर्मोपदेशक म्हणून, १७३० मध्यें एग-मोर्तच्या बुरुजांत कोंडली गेली. धर्म सोडतें, एवढें म्हटलें असतें तर ती सुटली असती. अडतीस वर्षांनीं, १७६८ मध्यें, ती बाहेर आली.

ज्यांना बाहेर ढकललें त्यांच्यांतूनच या प्रश्नाचें उत्तरहि आलें. पिएर बेल हा रॉटरडॅमला पळालेला अध्यापक होता. त्याच्या लिखाणाचा सूड म्हणून त्याच्या भावाला फ्रान्समध्यें कैद झाली आणि १६८५ च्या नोव्हेंबरांत तो तुरुंगांतच वारला. पुढच्याच वर्षीं बेलनें ग्रंथ लिहून प्रतिपादिलें कीं, बळानें श्रद्धा उत्पन्न होत नाहीं, आणि चुकलेल्या माणसाच्या विवेकालाहि मान दिला पाहिजे. त्याच हिवाळ्यांत हॉलंडमध्यें आश्रयास असलेला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक सहिष्णुतेवरील आपलें पत्र लिहीत होता. तें १६८९ मध्यें छापलें गेलें. पुढें १७६२ सालीं तुलूज येथें झां कालास या ह्यूगेनॉट व्यापाऱ्याला मुलाच्या खुनाच्या खोट्या आरोपावरून चाकावर हाल करून मारण्यांत आलें, तेव्हां व्हॉल्टेअरनें हीच शस्त्रें उचललीं आणि तीन वर्षांनीं त्या मृताला निर्दोष ठरवून घेतलें.

१७८७ च्या नोव्हेंबरांत सोळाव्या लुईनें कॅथॉलिक नसलेल्यांचे जन्म, विवाह व मृत्यु नोंदण्याची सोय केली. ती पुन्हां एक सनदच होती. दोनच वर्षांत, १७८९ च्या मानवी हक्कांच्या घोषणेनें, धार्मिक मतांबद्दल कोणालाहि उपद्रव देऊं नये हें तत्त्व मांडलें, आणि त्या डिसेंबरांत ह्यूगेनॉटांना सर्व अधिकारपदें खुलीं झालीं. या दोन कागदांत फरक आहे. पहिल्यांत राजा देतो आणि प्रजा घेते. दुसऱ्यांत, जें मूळचेंच माणसाचें आहे तें राज्यानें मान्य करावयाचें असतें. क्रांतीच्या पुढच्या रक्तपातांत याहि घोषणेची पायमल्ली झाली, पण तत्त्व एकदां उच्चारलें गेलें तें पुसलें गेलें नाहीं.

या कथेंतील दोन अपवाद फार बोलके आहेत. आल्सास प्रांत १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहान्वयें फ्रान्सकडे आला होता. तेथील ल्यूथरपंथीयांचे हक्क आंतरराष्ट्रीय कराराला बांधलेले होते, म्हणून १६८५ ची आज्ञा तेथें लागू झाली नाहीं. आणि आब्बेव्हिलच्या व्हान रोबेचा कारखाना राजाला हवा होता, म्हणून तेथील मालक आपला धर्म पाळीत राहिले. करारानें कांहीं लोक वांचले, उपयुक्ततेनें कांहीं वांचले. ज्यांच्यामागें करारहि नव्हता आणि ज्यांचें कापडहि राजवाड्याला लागत नव्हतें, अशा शेंकडों गांवांतील साध्या माणसांचें रक्षण करणारी वस्तु फ्रान्सजवळ त्या वेळीं नव्हती. १७९० च्या डिसेंबरांत, धर्मामुळें देशोधडीला लागलेल्यांच्या वंशजांनीं परत येऊन राहावें व फ्रेंच नागरिक व्हावें, असा कायदा झाला आणि तो १९४५ पर्यंत पुस्तकांत राहिला. परंतु तो होईतों शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. बर्लिनच्या आणि लंडनच्या त्या घरांत पणतू-खापरपणतू वाढत होते, आणि त्यांतल्या बहुतेकांची भाषा बदलून गेली होती.